समुद्राच्या बाजूची भिंत

टक्.

मागच्या सीटवर कांताबाईंनी स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं. बेलफास्ट सोडून तास झाला होता. डब्यात मेणबत्ती होती, काडेपेटी होती आणि ओल्या टिश्यूत गुंडाळलेली फुलं. "आहे सगळं," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी झाकण परत दाबलं.

भावनाने हँडब्रेक ओढला. समोर कड्याच्या टोकावर किल्ला उभा होता. छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी भोकं, आणि भोकांमधून समुद्र.

"आजी, खूप स्टेप्स आहे. लिफ्ट नाही आहे," सात वर्षांची तनिषा म्हणाली.

"त्या राजाचे गुडघे चांगले असतील माय," कांताबाई म्हणाल्या, आणि नातीचा हात धरून उतरल्या.

आज वर्ष झालं होतं. कामासाठी बेलफास्टला आलेला भावनाचा नवरा सम्यक एका दुपारी या किल्ल्यावरून खाली पडला होता. भावनाने नागपूरला सासूबाईंना, कांताबाईंना, फोनवर सांगितलं, फोटो काढत होते, तिथला कठडा तुटका होता, पाय घसरला. तनिषालाही तेच सांगितलं. पोलिसांनी तिला सांगितलं ते वेगळं होतं. ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

आणि मग सासूबाई म्हणाल्या, "मले ती जागा पाहायची आहे."

तेव्हापासून तनिषा झोपली, की भावना लोकांनी इंटरनेटवर टाकलेले या किल्ल्याचे फोटो मोबाइलवर मोठे करकरून पाहायची. कुणाची पिकनिक, कुणाचं लग्नाचं शूट. ती माणसांच्या मागे तुटका कठडा शोधायची. शेवटी सापडला. जुन्या स्वयंपाकघराची एक बाजू पूर्ण ढासळलेली, पुढे नुसती दोरी. ती जागा तिने सम्यकसाठी निवडून ठेवली होती.

"इथे," ती आता त्या दोरीपाशी थांबून म्हणाली.

कांताबाईंनी खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गवतात बसल्या आणि काडी ओढली. वाऱ्याने ती विझवली. दुसरीही विझवली. त्या तशाच, न पेटलेल्या मेणबत्तीसमोर हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हणू लागल्या. तनिषानेही हात जोडले.

हिरवं जॅकेट घातलेला एक म्हातारा कर्मचारी लांबून त्यांच्याकडे बघत होता. तो जवळ आला आणि त्याने टोपी काढली.

"तुम्ही त्यांचे घरचे का?" त्याने इंग्रजीत विचारलं. "त्या दिवशी मीच ड्यूटीवर होतो. फार वाईट झालं. पण ते इथे नाही." त्याने बोट केलं. "तिकडे. समुद्राच्या बाजूची ती भिंत आहे ना, तिथे."

"थँक यू," भावना घाईने म्हणाली. "आम्ही इथेच ठीक आहोत."

त्याला वाटलं, हिला नीट कळलं नाही. त्याने पुन्हा बोट केलं.

"काय म्हणतो तो?" कांताबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. इथे मेणबत्ती लावू नका म्हणतोय."

"नो, मम्मी," तनिषा म्हणाली. "तो म्हणतो, पप्पा तिकडे पडले."

कांताबाईंनी मेणबत्ती उचलली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि त्या बोटाच्या दिशेने चालू लागल्या.

भिंत धड होती. भावनाच्या छातीपर्यंत, कांताबाईंच्या हनुवटीपर्यंत. तनिषाच्या डोक्यावरून वर. कांताबाईंनी दगडावर तळहात ठेवला आणि तसाच घासत त्या एका टोकापर्यंत गेल्या. मग तिथून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेतरी एखादं खिंडार लागेल, अशा आशेने. लागलं नाही.

"आई, मी तुम्हाला..." भावना म्हणाली.

कांताबाईंनी मान हलवली. नको.

"आजी, हा भिंत तर तुटलेला नाहीये," तनिषा म्हणाली.

कांताबाईंचा हात अजून दगडावर होता.

"तवा तुटकी होती माय," त्या म्हणाल्या. "नंतर बांधली यांनी. तुझ्या पप्पांच्या नंतर. दुसऱ्या कोणाचा पाय घसरू नये म्हणून."

हे त्यांनी भावनाकडे न बघता सांगितलं. दगडावरचं शेवाळ तळहाताला लागलं होतं, ते पदराला नीट पुसलं. मग भिंतीच्या बुडाशी बसल्या आणि शेजारच्या गवतावर हात थोपटला.

"बस पोरी. वर्षभर उभीच आहेस."

भावना बसली. भिंतीच्या आडोशाला वारा नव्हता. मेणबत्ती पहिल्या काडीला पेटली. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. कांताबाईंचा हात भावनाच्या पाठीवर होता.

तनिषा बसली नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. दगडांच्या फटीत तिने बुटाचं टोक अडकवलं, हात वर ताणले, आणि अंग उचललं. भावनाने उठून मागून तिचं जॅकेट घट्ट धरलं.

"खाली उतर. आधी खाली उतर."

ती उतरली. हातांना लागलेली माती झटकली.

"मम्मी, पार्कमध्ये मी वर चढते ना, तेव्हा पप्पा म्हणायचे, खाली नाही बघायचं. माझ्याकडे बघ."

"हो."

"मग इथे पप्पा कुणाकडे बघत होते?"