सतरा नंबरचा बिल्ला

"दोर होता का?" महावीर मगदुमांनी विचारलं.

"न्हवता," रंगुबाई म्हणाली.

"उतरण्याआधी खड्ड्यात कंदील सोडून पाहिला होता? विझतो की जळतो ते?"

"न्हाई जी."

महावीरांनी टाक खाली ठेवला. सांगलीच्या एका विमा कंपनीत ते आठ वर्षं होते आणि माणूस मुळात चांगला होता. अशा नोकरीत चांगल्या माणसाचे फार हाल होतात. "बाई, असं लिहिलं तर सगळा दोष ठेकेदारावर जातो. मग कंपनी हात वर करते. ठेकेदाराशी कोर्टात भांडायची ताकद आहे तुमच्यात?"

रंगुबाईने मान हलवून नाही म्हटलं.

"मग दोर होता, असं लिहितो. कंदीलही होता."

"लिव्हा," ती म्हणाली.

लढाईचे दिवस होते. साताऱ्याजवळ रंगरुटांची छावणी पडली होती आणि तिथला मैला काढायचा ठेका दिलेला होता. छावणीचा नियम कडक. आत येणाऱ्या प्रत्येक कामगाराचा विमा हवा, गळ्यात नंबराचा पितळी बिल्ला हवा. ठेकेदाराने दोन वर्षांपूर्वी बावीस नावांची यादी दिली, विमा उतरवला, बिल्ले वाटले. दोर आणि कंदील तेवढे राहून गेले. ते कुणी मागितलेच नव्हते.

नऊ दिवसांपूर्वी सतरा नंबरचा बिल्ला घातलेला माणूस खड्ड्यात उतरला तो वर आलाच नाही. यादीत सतराव्या नंबरावर रंगुबाईच्या नवऱ्याचं, जोतीरामचं नाव होतं.

"ही रंगुबाई," मुकादम नाथाजीने आल्याआल्या ओळख करून दिली होती. "ह्यो दीर. आन् ती दारातली बयाबाई, दिराची बायकू."

रंगुबाईचं कपाळ उघडं होतं, हात भुंडे होते. महावीरांना तिच्याकडे बघवत नव्हतं. बयाबाईकडे मात्र बघून त्यांना राग येत होता. कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि ही आपली सुपातल्या जोंधळ्यातले खडे वेचत बसलेली. घरात मयत झालेलं, निदान जावेजवळ येऊन बसावं! पण बयाबाईने एकदाही मान वर केली नाही.

"नवऱ्याचं नाव?" महावीरांनी फॉर्म पुढे ओढला.

रंगुबाईने पदर सावरला. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे महावीरांच्या उशिरा लक्षात आलं. भिंतीला टेकलेल्या दिरानेच सांगितलं, "जोतीराम." तेवढ्यानेही त्याला खोकल्याची उबळ आली.

"आणि दिराचं?"

"धुळा," रंगुबाई म्हणाली, आणि इतका वेळ कोरडा असलेला तिचा आवाज फुटला.

महावीरांनी दिराकडे निरखून पाहिलं. "धाकटा ना हा? थोरला वाटतो."

"दुखण्यानं वाळलाय सायेब," नाथाजी घाईने म्हणाला. "ह्यालाबी मागं खड्ड्यातला वायू लागलावता. तवापास्नं छाती गेलीया."

"प्रेत ओळखलं कुणी?"

"बिल्ल्यावरनं."

"आणि तोंड? तोंड नाही पाहिलं?"

आता दीर बोलला. "फाटकावरचा शिपाईबी बिल्लाच बघतो, सायेब. मैल्याच्या गाडीजवळ यिऊन आमची तोंडं कोन बघतंय?"

महावीर ओशाळले. वस्तीत शिरताना नाकाला लावलेला रुमाल अजून त्यांच्या डाव्या हातात होता. तो त्यांनी खिशात घातला.

"एका अर्थी नशीब म्हणायचं," ते म्हणाले. "यादीतला माणूस होता. मागल्या साली मिरजेकडे एक बदलीचा गडी असाच गेला. दुसऱ्याच्या जागी कामाला आलेला. त्याच्या बायकोने वर्षभर खेटे घातले. यादीत नाव नाही म्हणून तिला काही मिळालं नाही. ते नकाराचं पत्र मीच लिहिलं होतं."

दारातलं सूप क्षणभर थांबलं, मग पुन्हा हलू लागलं.

रंगुबाईने अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून दिराने उठवला. महावीरांनी कागदावर टीपकागद दाबला. आज आपल्या हातून काहीतरी बरं घडलं, असं त्यांना वाटलं. पण एवढ्यावर निघणं त्यांच्या जिवावर आलं. छप्पर गळकं, चूल थंड, दोन घरांची पोरं एकाच घोंगडीवर निजलेली.

"नाथाजी, भावाची जागा ह्यालाच द्या. मी ठेकेदाराला चिठ्ठी देतो. धुळाचं नाव यादीत घाला, नवा बिल्ला द्या. विमाही मी स्वतः उतरवतो."

नाथाजीने खाली मान घातली. "व्हय जी."

दिराने भिंत धरून उठायचा प्रयत्न केला. "उपकार झालं, सायेब." मग जरा थांबून म्हणाला, "दोर मिळंल का?"

"ते काही माझ्या हातात नाही," महावीर खऱ्या दुःखाने म्हणाले.

नाथाजी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेला. टांगा वळणाआड होईपर्यंत रंगुबाई उंबऱ्यात उभी राहिली. मग आत येऊन तिने दार लोटलं आणि जावेच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"झालं?" बयाबाईने विचारलं.

"झालं. म्हैन्याभरात पैकं येत्याल. तुज्या पोरांच्या तोंडात घास पडंल."

बयाबाईचे हात रिकाम्या मांडीवर तसेच पडून राहिले. रंगुबाई तिच्याजवळ खाली बसली आणि तिचं डोकं तिने आपल्या छातीशी धरलं.

"आता रड, बया," ती म्हणाली. "पर हळू रड. मेलेला दादला तुजा हाय, ह्ये भाईर कळता कामा न्हाई."