हलक्या हाताने
बेकरीवाला फोनवर बघून बघून एकटाच गिटार शिकला, पण लेक त्याच्यासोबत गायला तयार होईना. “बाबा, तारा दाबताय की कणीक तिंबताय? सूर चढतोय!” तो दोष गिटारला द्यायचा, तीनदा तारा बदलून झाल्या. आज पीठ मळायचं यंत्र रुसलं आणि पहाटेपासून सगळं हातानेच मळावं लागलं. दुपारी घरी आला तेव्हा बोटांत त्राण नव्हतं. “आज तरी राहू द्या,” बायको म्हणाली. पण रोजचा नेम कसा मोडायचा? त्याने गिटार मांडीवर घेतली. दाबायला जोरच नव्हता. बोटं तारांवर जेमतेम, हलकेच दाबली गेली. सूर निघाला तो स्वच्छ, गोड, जिथल्या तिथे. त्याला हसूच आलं: इतकी वर्षं आपण तारेचा गळा आवळून तिला गायला लावत होतो! अर्धी वेणी हातात धरून लेक धावत आली. “पुन्हा वाजवा. मी गाते.”