पेंढा

कागलला यंत्रं जुळवणाऱ्या विश्वजितनं दिवाळीत वारलेल्या बापाचा हुबेहूब बोलता पुतळा खुर्चीत बसवला. “आगं, च्या ठेव की,” पुतळा म्हणाला. तानाबाईनं लेकाला विचारलं, “आत कोन हाय रं?” “आबाच की! हसत्यात, रुसत्यात, इचारंल ते सांगत्यात. आनि काय लागतंय?” ती धार काढायला गोठ्यात गेली. म्हशीचं रेडकू मेलं तेव्हा नवऱ्यानंच त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं केलेलं. म्हैस ते चाटून पान्हा सोडायची. “फसली बग येडी!” तो हसायचा, तानाबाईही हसायची. आज धार काढताना त्या रेडकाच्या उसवलेल्या शिवणीतून पेंढा म्हशीच्या जिभेवर आला. म्हशीनं तो चघळून गिळला आणि ती पुन्हा मायेनं चाटू लागली. घरातून हाक आली, “आगं, च्या ठेव की!” “आले, वाईच दम धरा,” म्हणत तानाबाईनं आत जाऊन नवऱ्याची कपबशी फळीवरून उतरवली.