फुलस्टॉपचं भांडण

चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबणारी नवी प्रेस मशीन बसली होती. तिचा कोड मैत्रीनं लिहिला होता आणि तो तपासायला सुजित आणि भाग्यश्री हे दोन सीनियर होते. कोडमधल्या एका कमेंटवरून, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या टिपणीवरून, दोघांची जुंपली. सुजित म्हणाला, “शेवटी फुलस्टॉप दे.” मैत्रीनं दिला. भाग्यश्री म्हणाली, “आपण कमेंटला फुलस्टॉप देत नाही. काढ.” तिनं काढला.

“सर, ती कमेंट नीट वाचा ना,” मैत्री सुजितला म्हणाली.

“वाचली म्हणूनच तर चूक दिसली.”

कोड संध्याकाळपर्यंत चाकणला पोचायलाच हवा होता. शेवटी टीम लीड ज्योतीराम सर वैतागून मैत्रीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “ती ओळच उडव. भांडणच नको.”

“सर, पण त्या ओळीत...”

“फुलस्टॉपवर आता एक शब्द बोलू नकोस!”

ते हलायला तयार नव्हते. मैत्रीनं ओळ उडवली. दोघांचंही अप्रूव्हल लगेच आलं, कोड चाकणला गेला.

उडवलेली ओळ अशी होती: ‘सेन्सर उशिरा सांगतो, कामगाराचा हात आत असला तरी प्रेस खाली येते, सेन्सर बदलल्याशिवाय मशीन चालू करू नका’