तिसऱ्या मजल्याचा भाव

बाविस्कर एजंट पेढे घेऊनच जिना चढला. "मावशी, तुमचाच भाव! पंचेचाळीस लाख, रुपया कमी नाही."

चार वर्षं मी याच आकड्यावर अडून बसले होते. छत्तीसवाले आले, चाळीसवाले आले. सगळ्यांना तोंडावर विचारलं, फुकट मागायला आलात का? आमचे हे म्हणायचे, "अगं, देऊन टाक. सिन्नरला तळमजल्याचं घर बघू. या गुडघ्यांनी आता जिना उतरवत नाही."

"थांबा जरा. रिंगरोड होऊ द्या, मागू तो भाव मिळेल. तुम्हाला काय कळतंय व्यवहारातलं!"

रिंगरोड झाला, भावही आला. पण ह्यांना गेल्या आषाढात चौघांनी खांद्यावरून खाली नेलं. दोन वर्षांत तेवढाच एकदा माझा माणूस जिना उतरला.

बाविस्करने सहीला कागद पुढे केला. मला लिहिता येतं ते नावापुरतंच. मी पेन उचललं. तेवढ्यात घर घेणारा पोरगा आला; त्याच्यामागून त्याचे वडील कठड्याला धरून वर आले आणि दारातच मटकन बसले. धापा टाकत म्हणाले, "घर छान आहे. एकदा वर आलं की झालं. उतरायचंय कुणाला?"

मी पेन खाली ठेवलं.

"बाळा, तुला नाही देणार मी हे घर. वडिलांसाठी तळमजला बघ, एक खोली कमी मिळाली तरी चालेल. आणि आजच बघ. भाव उतरायची वाट बघत बसू नकोस."