त्रेचाळीस खिडक्या

"पुढच्या शुक्रवारी नक्की," रादोस्वेत फोनवर म्हणाला. असे चौदा शुक्रवार उलटले होते.

ओग्न्यानने त्याच्या नव्या हॉटेलला त्रेचाळीस खिडक्या बसवून दिल्या होत्या. बिल एकोणीस हजार लेवांचं. आता काचवाल्याने उधारी बंद केली होती, दोन्ही कारागीर सोडून गेले होते. व्रात्सा शहरातल्या त्याच्या खिडक्यांच्या कारखान्याचं भाडं थकलं होतं आणि दारावर नोटीस चिकटली होती.

"किती हातापाया पडशील त्या लबाडाच्या?" त्याची बायको झ्लातका म्हणाली. "जा कोर्टात."

शेवटची बचत वकीलबाईंना देऊन त्याने रादोस्वेतच्या कंपनीवर दावा लावला. महिन्याभरात समोरून हरकत आली नाही, तर थेट वसुली. तो रोज टपालपेटी बघायचा. हरकत आली नाही. त्या दिवशी झ्लातका रडली आणि हसलीही.

बेलिफच्या कचेरीत मात्र कारकुनाने कागद चाळून मान हलवली. "हॉटेल त्याने मेव्हण्याच्या नावावर केलंय. आणि नुसती कंपनी, म्हणजे नाव आणि कर्ज, वसंतातच विकून मोकळा झालाय."

"कुणाला?"

"अशा वेळी खेड्यातलं कुणीतरी म्हातारं गाठतात. थोडे पैसे देऊन सही घेतात. कंपनीचा पत्ताही त्यांच्याच घरचा. नाव बघू?"

"नाव घेऊन काय चाटायचंय? त्या रादोस्वेतला सामील झालेत ना? मग घरात जे सापडेल ते उचला. चमचासुद्धा सोडू नका."

"मिळून मिळून काय मिळणार हो?"

"मला कुणी दया दाखवली?" ओग्न्यान ओरडला आणि त्याने अर्जावर सही ठोकली.

गुरुवारी दुपारी बेलिफचा फोन आला. "त्या पत्त्यावर पोचलोय. टीव्ही, शिलाई मशीन, दोन शेळ्या. बस्स. म्हातारी दारात आडवी बसलीय. जाऊ दे म्हणता का?"

"नाही. शेळ्यासुद्धा घ्या."

"मग तुम्हीच सांगा तिला. मला नाही जमत." त्याने फोन तिच्या हातात दिला.

"साहेब, शेळ्या नका हो नेऊ," पलीकडून कापरा आवाज आला. "तो गाडीवाला म्हणाला, नुसती सही कर, दीडशे लेवा देतो. मला काय ठाऊक हे असलं काही असेल! लेक अडचणीत होता, त्याला कारखान्याच्या भाड्याला पैसे पाठवायचे होते. ऐकताय ना, साहेब?"



"आई, मी ओग्न्यान," तो म्हणाला.