हिरवी पट्टी

“अशी बांधायची. घर पूर्ण रिकामं झालं, मांजरसुद्धा उरलं नाही, की मगच!” प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी हिरवी पट्टी दाराच्या कडीला घट्ट बांधून दाखवली. “पट्टी दिसली, की त्या दाराशी वेळ घालवायचा नाही. पुढे चला.”

स्वयंसेवकांनी माना डोलावल्या. दार बाईंच्याच घराचं होतं. आतून सासऱ्यांनी हाक मारली, “सूनबाई, मफलर घेऊ का गं?”

“घ्या बाबा! आणि पोरं न्यायला येईपर्यंत जागचे हलू नका!” त्या ओरडल्या. बाबांना ऐकू कमी यायचं, पण हौस केवढी! पिशवी कालपासूनच भरून तयार.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या देशांचे शास्त्रज्ञ प्रकल्पाच्या फाटकाशी येऊन थांबले होते. बाई पळाल्याच.

अणुभट्टीत अपघात झालाच, तर गाव कसं रिकामं करायचं, यावर चार देशांचं एकत्र संशोधन चाललं होतं. बाईंची पट्टी सगळ्यांत स्वस्त, म्हणून थट्टाही तिचीच जास्त. आजच्या सरावात ती टिकली, तर चारही देश तीच पद्धत घेणार होते.

“आमच्याकडे सगळी नोंद संगणकावर होते,” पाहुण्यांतले ज्येष्ठ म्हणाले. चेहरा कायम आंबट. “तुमच्याकडे चिंध्या.”

“वीज गेली की संगणक मान टाकतो, साहेब. चिंधी टाकत नाही.”

“आणि एक जरी माणूस मागे राहिला तर?”

“तर पद्धत नापास. मी स्वतः तसं लिहून देईन.”

भोंगा वाजला. पोरं गल्ल्यांत शिरली. भराभर दारं ठोठावली, म्हाताऱ्यांना हात दिले, पट्ट्या बांधल्या. एक आजीबाई कुंडी सोडून यायला तयार होईनात, तर पोरांनी कुंडीही बसमध्ये चढवली. बसगाड्या निघाल्या तेव्हा गावात चिटपाखरू दिसत नव्हतं. काय शिस्त! बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला.

मग पाहुणे स्वतः गल्लोगल्ली फिरले. पट्टी नसलेलं एक दार सापडेल तर शपथ.

आंबट साहेबांनी शेवटी हात जोडले. “मानलं बुवा तुम्हाला! उद्याच सह्या करून टाकू.”

बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. बसगाड्या परतायच्या आत बाबांसाठी चहा टाकून ठेवावा, म्हणून त्या घाईने घरी आल्या. दारावर पट्टी होतीच. गाठ जराही सैल झाली नव्हती. त्यांनी तिच्यावरून कौतुकाने बोट फिरवलं आणि दार ढकललं.

समोरच्या खुर्चीत, गळ्याला मफलर गुंडाळून, मांडीवर पिशवी घेऊन बाबा बसले होते.

“आलीस? अगं, पोरं कधी येणार मला न्यायला?”